पोच द्यावी, ही विनंती

रेडिओ ऐकण्यासाठी एक माणूस नगरच्या सावेडीतला चांगला तीन खोल्यांचा फ्लॅट बंद करून पाथर्डीच्या पलीकडे माळावर जाऊन राहतो, हे वाचून तुमच्या कपाळावर आठी पडणार. पडू दे. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीच्या, हर्षलच्या कपाळावरही पडली होती. "सर, मोबाईलवर अख्ख्या जगातली स्टेशनं लागतात की," तो म्हणाला. त्याला म्हटलं, बाबा रे, बोरं बाजारात पिशवीतून मिळतात आणि बोरीच्या काट्यात हात घालूनही मिळतात. आम्ही हात घालणारे. त्याला ते कळलं नाही, आणि मीही पुढे डोकं लावलं नाही.

आमचा छंद असा असतो. लांबचं, अशक्त, खरखरीत बुडालेलं एखादं स्टेशन पकडायचं. कुठल्या वेळी, कुठल्या मीटरवर, आवाजाची ताकद किती, अडथळा किती, आणि मुख्य म्हणजे नेमकं काय काय ऐकलं, हे सगळं लिहून त्या स्टेशनला पाठवायचं. याला रिसेप्शन रिपोर्ट म्हणतात. ऐकल्याचा तपशील इतका बारीक हवा, की स्टेशनवाल्याची खात्री पटली पाहिजे. शेवटी एक वाक्य घालायचं, की वरील मजकूर बरोबर असल्यास पोच द्यावी. मग चार-सहा महिन्यांनी, आलं तर, त्यांचं कार्ड येतं. ते कार्ड म्हणजे आमचं पदक. आणि एकदा कार्ड आलं की आम्ही त्या स्टेशनकडे फारसं वळत नाही, सुई पुढे सरकवतो. क्रूर वाटेल, पण छंदच तसा आहे.

पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्सची लॅब सांभाळण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे भुताखेतांशी माझा संबंध नाही. आवाज आला की त्याला कुठेतरी उगम असतो, एवढंच मला माहीत. सावेडीत तर उगमच उगम. वरच्याचा इन्व्हर्टर, खालच्याचे एलईडी, लिफ्ट, शंभर चार्जर. रेडिओ लावला की नुसती घर्रघर्र. त्यात इंदू, माझी बायको, पाडव्यानंतर रुचाकडे कॅनडाला गेली. लेकीचं बाळंतपण म्हणून गेली, बाळासाठी थांबली, आता बाळाला पाळणाघर मिळेपर्यंत थांबणार होती. मी रागावलो नव्हतो. पण घरात दिवसचे दिवस माझ्या तोंडून शब्द फुटत नसे, आणि संध्याकाळी कधी "अगं, बघ जरा" असं निघून गेलं की मलाच कसंनुसं व्हायचं. मला एकटं वाटत होतं, सरळच सांगतो.

आमच्याकडे रंगकामाला आलेल्या अंगद गर्जेने वस्तीचं सुचवलं. "सर, आमच्याकडं दसरा झाला की टोळ्या ऊसतोडीला जात्यात. वस्तीवर चिटपाखरू न्हाई. लायटी बी बंद. तुमच्या मशीनीला लई बेस." तो स्वतःही बायकोला, सुकन्येला घेऊन कोल्हारकडे निघाला होता. त्याची एक खोली मला मिळाली.

गर्जेवस्ती म्हणजे माळावरची पंधराएक घरं. दारांना कुलपं, कुलपांपुढे बाभळीच्या काट्या. माणूस म्हणाल तर एकच, अंगदची आई झुंबरबाई. सगळ्या घरांच्या किल्ल्या तिच्या कमरेला, आणि हाताशी सात-आठ कोंबड्या. मी लिंबापासून पाण्याच्या टाकीपर्यंत तांब्याची लांब तार ओढली, ती एरिअल. जमिनीत सळई ठोकली. बॅटरीवर रिसीव्हर लावला, हेडफोन घातला, आणि खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. इतकी स्वच्छ शांतता मी तरुणपणानंतर ऐकली नव्हती. तिन्हीसांजेला जवळची स्टेशनं मावळायला लागली की लांबची एकेक करून वर यायची. कुठल्यातरी बंदराचं हवामान. कुणाची तरी प्रार्थना. कुठे नुसतेच आकडे वाचणारी बाई, कुणासाठी ते देव जाणे.

झुंबरबाईने दुसऱ्याच दिवशी माझ्या एरिअलवर लुगडं वाळत घातलं. मी तणतणत बाहेर गेलो.

"मावशी, ही वायर धुण्यासाठी नाही."

"मग कशापायी हाय?"

"लांबचे आवाज येतात हिच्यातून."

"येऊ द्या की. लुगडं काय आडवं येतंय व्हय त्यांना?"

लुगडं तिथेच राहिलं. तेव्हापासून आमचं जमलं. सकाळी ती चहा आणून द्यायची, दुपारी भाकरी आणि खलबत्त्यात कुटलेली चटणी. तिच्याशी मी दिवसभर काहीबाही बोलायला लागलो.

झुंबरबाई वस्तीची सुईण होती. आता बायका पाथर्डीला दवाखान्यात जातात, पण जाताना हिला बरोबर नेतात. कारण तिचा आवाज. "माज्या आवाजावर पोरी मोकळ्या व्हत्यात," ती सांगायची, "हात काय, कुनाचं बी चालत्यात. पोरगी घाबरली की तिला दुसरं काय सुदरत न्हाई, निस्ता आवाज धरून ती पल्याड जाती." मागच्या हंगामात सुकन्या तिकडे फडावरच अडली. जवळ कुणी बोलणारं नव्हतं. मूल जगलं नाही. यंदा तिला पुन्हा दिवस गेले होते, आणि नववा लागला की अंगदने तिला वस्तीवर आणायचं, असं ठरलं होतं. दर रविवारी त्याचा फोन यायचा. रेंज फक्त टाकीच्या कट्ट्यावर, तीही माझ्याच फोनला. झुंबरबाई कट्ट्यावर चढून पदर सावरून बसायची आणि पहिल्यांदा सुनेला मागायची. "भिऊ नगं. मी हाय. मी सांगती तसं करायचं, बाकी कुनाचं आयकायचं न्हाई." पलीकडून सुकन्येचा बारीक हुंकार यायचा. फोन ठेवल्यावर म्हातारी बराच वेळ कट्ट्यावरच बसून राहायची.

कार्तिक संपता संपता मला तो आवाज लागला.

एकेचाळीस मीटरच्या खालच्या टोकाला एक जागा आहे. तिथलं स्टेशन बंद पडून वर्षं झाली. सुई तिथून नेताना मी जरा थांबतो, आपण ओळखीच्या घरासमोरून जाताना थांबतो तसा. त्या संध्याकाळी तिथे कुणीतरी मराठी बोलत होतं. पुरुष की बाई ते सांगता येत नव्हतं. बातम्या वाचतात तसा सपाट आवाज, एकेक शब्द सुटा. मला पहिल्यांदा खटकलं ते एवढंच, की तो वरखाली होत नव्हता. लांबून येणारा कुठलाही आवाज लाटेसारखा चढतो-उतरतो. हा एका जागी उभा होता.

"ठिकाण, पाथर्डीच्या पूर्वेस, गर्जेवस्ती," तो म्हणाला. "सकाळी बादलीच्या कडीचा आवाज. कोंबड्यांना बोलावणे. त्यानंतर खलबत्ता, मधूनमधून खोकला. वृद्ध स्त्री स्वतःशी म्हणते, लसूण आज जास्तच पडला. आवाजाची ताकद उत्तम. अडथळा नाही. वरील तपशील बरोबर असल्यास पोच द्यावी, ही विनंती."

मग नुसती शांतता.

दुपारची चटणी लसणीची झाली होती, हे माझ्या जिभेला अजून आठवत होतं. मी खोलीत, छपरात, टाकीखाली, लिंबावर सगळीकडे पाहिलं. माइक नाही, वायर नाही. कुणीतरी टवाळ पोरगं असेल म्हणावं, तर चार कोसांत पोरगं नव्हतं. पण भीती वाटली का विचाराल, तर नाही वाटली. मला हसू आलं. कारण तो रिसेप्शन रिपोर्ट होता, आणि काय सुरेख होता. लसणीचा तपशील घालायला कान तयार लागतो.

दुसऱ्या संध्याकाळी तो पुन्हा आला. झुंबरबाईचं अंगण झाडणं, जांभई, किल्ल्यांचा जुडगा, पाय आपटून कोंबड्यांना हाकलणं. कुठल्याशा बाळंतिणीसाठीची जुनी ओवी तिने अर्ध्यावर सोडून दिली, तेही त्यात होतं. शेवटी तीच विनंती. मी एरिअलची तार उपसून पाहिली. बाकीची सगळी स्टेशनं मेली. तो आवाज तसाच राहिला. तेव्हा मात्र भीती वाटली. मी रेडिओ बंद केला आणि बाहेर जाऊन झुंबरबाईशेजारी ओट्यावर बसलो.

"काय वो, मशीन बिघाडली?" तिने विचारलं.

"नाही मावशी. तुमच्याबद्दल बोलतात त्यात."

"माज्याबद्दल? काय बोलत्यात?"

"तुमचा आवाज चांगला येतो म्हणतात."

ती पदर तोंडाला लावून हसली. "आता म्हातारपनी कवतिक."

तिसऱ्या संध्याकाळी मी न ऐकता राहायला हवं होतं. पण आमच्या जातीचा माणूस राहू शकत नाही. रिपोर्ट झाला, आणि त्यानंतर तो आवाज म्हणाला, "यापूर्वी दोन वेळा कळविले आहे. पोच मिळाली नाही."

हे वाक्य मी आयुष्यभर लिहिलं आहे. किती स्टेशनांना, किती वेळा. पोस्टमनची सायकल वळली की उठायचं, वीजबिल घ्यायचं, परत बसायचं. आम्हा लोकांचं सगळं आयुष्य मागणाऱ्या टोकाला जातं. मला कुणी कधी पोच मागितली नव्हती. तो जो कोण होता तो बिचारा कुठेतरी एकटा बसून कानात प्राण आणून एका म्हातारीचा खोकला ऐकत होता, आणि त्याला हो म्हणायला या जगात कुणी नव्हतं. मला त्याची दया आली. दया कसली, मला तो माझाच वाटला.

मी रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणालो, "बरोबर आहे. सगळा तपशील बरोबर आहे. ही घ्या पोच."

मग तो आवाज म्हणाला, "आभारी आहे," आणि ती जागा रिकामी झाली.

सकाळी मला उशिरा जाग आली. बादलीच्या कडीने मी उठायचो, ती वाजलीच नव्हती. बाहेर आलो तर झुंबरबाई पाणी शेंदून परतत होती. बादली हातात, कडी हलत होती. ती माझ्यासमोर थांबली आणि तिचे ओठ हलले.

मला वाटलं, माझे कान गेले. पण कोंबड्यांची कुरकुर ऐकू येत होती. वारा लिंबात सळसळत होता. माझीच चप्पल फरशीवर वाजत होती. तिने चहाचा पेला दगडी ओट्यावर ठेवला, जरा आपटूनच. आवाज नाही. मी तोच पेला उचलून पुन्हा ठेवला. टण्ण झालं.

ती बोलतच होती. हात हलवून, मान उडवून, नेहमीसारखी. मी गप्प आहे म्हणून तिने भुवया उंचावल्या, माझ्या खांद्याला हात लावला, पुन्हा काही विचारलं. तिला स्वतःचा आवाज येत होता हे उघड होतं. तिच्या मते बहिरा मी झालो होतो.

मी तिला गाडीत घालून पाथर्डीला नेलं. डॉक्टर तरुण होते, शांतपणे त्यांनी घसा पाहिला, जीभ पाहिली. "दिसायला सगळं ठीक आहे," ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "बोलत का नाहीत या?" मग छातीला नळी लावली. ऐकत राहिले. नळी काढली, तिच्या चकतीवर टिचकी मारली, पुन्हा लावली. तिच्या मनगटावर बोटं ठेवली, मान हलवली, तिसऱ्यांदा नळी लावली. "ही बिघडलेली दिसते," ते म्हणाले आणि नर्सला दुसरी आणायला सांगितलं. दुसरीही त्यांनी बराच वेळ धरून ठेवली. मग माझ्याकडे न बघता गोळ्या लिहून दिल्या, नगरला दाखवा म्हणाले.

परत येताना झुंबरबाई सगळा रस्ता माझ्याशी बोलत होती. मी फक्त मान डोलवत होतो.

रविवारी फोन आला. ती कट्ट्यावर चढली, पदर सावरला, फोन दोन्ही हातांनी धरून बोलायला लागली. मी शेजारी उभा राहून अंगदचं बोलणं ऐकत होतो.

"आये? आये, हायेस का? बोल की. सर, आय कुठंय?"

मग सुकन्येचा आवाज आला. "आत्याबाई, माझं पोट खाली आल्यावानी वाटतंय. आत्याबाई, बोला ना." झुंबरबाईच्या मानेच्या शिरा ताणल्या होत्या. ती ओरडत असावी. तिने फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. तेव्हा पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं असावं. ती हळूहळू खाली बसली.

मी फोन घेतला. "आईचा घसा बसलाय," म्हटलं. "अंगद, तू सुकन्येला तिकडेच चांगल्या दवाखान्यात ने."

"न्हाई सर, ती आयकत न्हाई. आत्याबाईच पायजेत म्हनती. परवा पहाटं जीप करून निघतो आमी. तवर घसा हुईल न्हवं बरा?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? त्या बाईचा आवाज मी एका वाक्यात देऊन टाकला होता, आणि तो परत मिळवायला माझ्या हाताशी दोन संध्याकाळी होत्या.

पहिल्या संध्याकाळी मी दिवस कलायच्या आतच त्या जागी सुई लावून बसलो. कुणी आलं नाही. तरी मी बोलत राहिलो. चूक झाली म्हणालो. पोच मागे घेतो म्हणालो. मला अधिकार नव्हता, ते स्टेशन माझं नव्हतं, हे सगळं त्या खरखरीला सांगितलं. घसा सुकला, तेव्हा थांबलो.

दुसऱ्या संध्याकाळी दार उघडं ठेवलं होतं. झुंबरबाई उंबऱ्याशी येऊन बसली. दोन दिवसांत तिने ओठ हलवणं सोडून दिलं होतं. ती नुसती माझ्याकडे पाहत होती, आणि त्या पाहण्यात राग नव्हता, हे मला सोसवत नव्हतं.

आवाज आला.

"ठिकाण, तेच," तो म्हणाला. "पुरुष, साठीपुढचा. रेडिओची बटणे फिरविण्याचा आवाज. सुस्कारा. पुरुष म्हणतो, चूक झाली."

मी हेडफोन घट्ट दाबला.

"याच पुरुषाचे यापूर्वीचे, ठिकाण सावेडी. रिकाम्या घरात म्हणतो, इंदू, अगं लाइट कुठला राहिलाय बघ. थोड्या वेळाने म्हणतो, असू दे. कुकरची शिट्टी. भांडे एकच. रात्री झोपताना म्हणतो, बरं मग. कुणी उत्तर देत नाही. आवाजाची ताकद क्षीण. तरीही स्पष्ट."

मी रडलो, हे लपवत नाही. माझं ते "बरं मग" जगात कुणीतरी ऐकलं होतं.

"वरील तपशील बरोबर असल्यास पोच द्यावी, ही विनंती."

मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. हूं की चूं करणार नव्हतो. मान सुद्धा हलवणार नव्हतो. बसू दे त्याला वाट बघत.

उंबऱ्यावर झुंबरबाईने डोकं वर केलं. कुणी हाक मारल्यासारखी ती रेडिओकडे वळली. तिचे ओठ हलले.

आणि माझ्या हेडफोनमध्ये, स्वच्छ, तिचा आवाज आला.

"व्हय बाबा. बरूबर हाय. आमचं सर असंच बोलत्यात."

"आभारी आहे," तो म्हणाला.

मी हेडफोन ओढून काढला. बाहेर लिंब सळसळत होता. आणि बांगड्या वाजल्या. झुंबरबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला, त्या तिच्याच बांगड्या वाजल्या.

"असं काय बगताय सर? त्यानं इचारलं, म्या सांगितलं."

"मावशी, तुमचा आवाज आला."

"आला व्हय? मंग मला यडी समजत हुता का इतके दिस?"

मला इतका आनंद झाला की मी उठून तिच्या पाया पडलो. ती "अवो, अवो" करत मागे सरकली. त्या संध्याकाळी चुलीपुढे बसून आम्ही किती बोललो. तिने मला अडलेल्या बाळंतपणांच्या गोष्टी सांगितल्या, मी तिला इंदूबद्दल सांगितलं, की ती आली नाही तर मी काय करीन ते मला कळत नाही. "येतील की," ती म्हणाली. "तोंड उघडून बोलवा. बोलावल्याबिगर कोन येतं?" उद्या कट्ट्यावर जाऊन इंदूला फोन करायचा, असं मी ठरवलं आणि गाढ झोपलो.

उजाडता उजाडता जीप आली. अंगदने सुकन्येला हाताला धरून उतरवलं. तिचा चेहरा घामाने निथळत होता. कळा वाटेतच सुरू झाल्या होत्या.

"आत घे तिला, आत घे," झुंबरबाई धावत गेली. "आली गं माजी बाय. भिऊ नगं."

सुकन्येने तिचा हात घट्ट धरला आणि दोघी आत गेल्या. दार लोटलं. अंगदने ओट्यावरचा माझा फोन उचलून अँब्युलन्सला लावायला टाकीकडे धाव घेतली, तिथून परत आला.

"निघाली म्हनत्यात," तो मला म्हणाला. "सर, आयचा घसा कसाय?"

"झाला बरा," मी म्हणालो. "कालच झाला."

तो माझ्याकडे बघत उभा राहिला. उत्तराची वाट बघत.

"अंगद, बरा झाला म्हटलं."

"सर?" तो म्हणाला. "गप का तुमी?"

आतून झुंबरबाईचा आवाज येत होता. भरीव, एका लयीत. "दम घे. घे दम. आता न्हाई, आता न्हाई. मी सांगती तवा."

आणि त्याच्यावरून सुकन्येचा. "आत्याबाई, बोला की. पाया पडते तुमच्या. कायतरी बोला."

"आता. आता लाव जोर. शाब्बास माज्या वाघिनी."

"का बोलत न्हाई तुमी?"

मी दाराशी धावलो. झुंबरबाईचा एकेक शब्द मी ओरडून आत सांगितला. दम घे. आता लाव जोर. दाराच्या पत्र्यावर दोन्ही मुठी मारल्या. पत्रा हलला, वाजला नाही. म्हणजे तिचा आवाज परत आला नव्हता, मीच तिच्या बाजूला गेलो होतो. अंगदने मला खांद्याला धरून हळूच बाजूला केलं, घाबरलेल्या माणसाला करतात तसं, आणि रस्त्याकडे बघत राहिला.

सुकन्या एकदाच जोरात किंचाळली.

मग झुंबरबाईचाच आवाज धरून आल्यासारखं बाळ रडलं. खणखणीत रडलं, सगळ्या माळावर जाईल असं. आत झुंबरबाई हसत होती, "लेक आली, लेक आली" म्हणत होती. मी तिथेच ओट्यावर बसलो आणि अंगदकडे पाहून हसलो.

अंगद रस्त्याकडेच बघत होता.

"अवो," आतून सुकन्येची हाक आली. "पोरगी तोंड उघडतीय. हातपाय हलवतीय. पन ही रडत का न्हाई?"